उरलेला एक प्रोग्राम

सौरभ गेल्यावर तिसऱ्या महिन्यात स्वरालीनं नवऱ्याचं अर्धवट काम हाती घेतलं. संगणकाला आज्ञा देण्यासाठी तो स्वतःचा शेल लिहीत होता. त्यातून सुरू केलेले छोटे प्रोग्राम इशारा मिळताच थांबावेत, एवढंच जमवायचं राहिलं होतं.

इंदापूरच्या घरी भर दुपारी तिनं चाचणी घेतली. कंट्रोल-सी दाबून इशारा देताच सगळे प्रोग्राम थांबले. एक मात्र चालूच राहिला. तो तिनं सुरूच केला नव्हता.

तिनं पुन्हा इशारा पाठवला. पडद्यावर ओळ उमटली, "थांब गं."

ती कामाला निघाली की सौरभ असंच म्हणायचा. तिनं त्याचा सगळा कोड धुंडाळला. हे शब्द कुठंच नव्हते.

शेवटी रडत रडत तिनं 'किल'चा इशारा दिला. तो कुठल्याच प्रोग्रामला नाकारता येत नाही.

पडद्यावर पुन्हा ओळ उमटली, "थांब गं, थांब."

तिच्या सासूबाई ठमाबाई बाहेर ओसरीवर शेंगा फोडत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि तिथून पडदा दिसतही नव्हता.

"पोरी," त्या हुंदका आवरत म्हणाल्या, "कवाधरनं थांब म्हणतोय त्यो. कशाला मारतीस गं त्याला?"