मास्तरांचा सबुद

गोफणीचा दगड नाथाजी मास्तरांच्या कानाजवळून सणसणत गेला आणि मागच्या ढेकळांत फुटला. मास्तर जागीच थिजले. समोर जोंधळ्याच्या रानात पाखरं राखायचा उंच माळा होता. माळ्यावर एक म्हातारी उभी होती आणि गोफणीत दुसरा दगड भरत होती.

"हितनंच बोल. कोन रं तू?"

ही राहीबाई. गुंडाच्या तोंडून मास्तरांनी तिचं नाव बऱ्याचदा ऐकलं होतं. बघणाऱ्याला वाटावं, म्हातारी पाखरं राखतेय. खरं तर शेजारच्या उसात लपलेली तीन पोरं ती राखत होती. त्यांतलाच एक गुंडा, मास्तरांचा जुना विद्यार्थी. बेचाळीसचं साल सरून वर्ष झालं होतं, तरी सरकारला तिघेही अजून हवेच होते. सकाळी तासगावात लॉरीत चढता चढता पोलिसांनी कुंडलच्या या मळ्याचं नाव घेतलेलं मास्तरांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. लॉरी वाटेतली गावं झडत, सडकेने वळसा घेऊन येणार होती. मास्तर आडरानातून ठेचकाळत, धावत आले होते. फार तर घटकाभर आधी.

उसात शिरून हाका मारण्यात अर्थ नव्हता. गुंडाने आवाज ओळखायच्या आतच पोरं बिचकली असती आणि नेमकी सडकेकडे पळाली असती. ती ऐकणार फक्त राहीबाईचं.

मास्तरांनी दम खाल्ला आणि या आठवड्याचा परवलीचा शब्द खणखणीत आवाजात म्हटला, "एज्युकेशन."

शब्द त्यांनीच दिलेला होता. सांगलीच्या एका शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता त्यांना एक नाद लागला होता. ए, ई, आय, ओ, यू हे पाचही स्वर ज्यात हजर आहेत असे लांबलचक इंग्रजी शब्द ते गोळा करत. जेवताना घास हातात थांबे आणि आमटी निवून जाई. बायको त्या शब्दांना सवती म्हणायची. भूमिगतांना परवलीचे शब्द हवे झाले, तेव्हा मास्तरांनी मोठ्या अभिमानाने ही जन्माची कमाई गुंडाच्या हवाली केली. असले शब्द कुठल्या शिपायाला सुचणार?

राहीबाईने मान हलवली. "न्हाई."

"अहो मावशी, हाच शब्द आहे. एज्युकेशन."

"आयकला सबुद. चल, माघारी फिर."

"मी नाथाजी मास्तर. शब्द मीच दिलाय तुम्हाला."

"मागल्या आठवड्यात बी एक मास्तर आलता. त्यानं बी फाडफाड सबुद म्हनला. म्या त्याला भलत्याच रानात धाडला."

मग मास्तरांनी, शिकलेला माणूस अडचणीत करतो तेच केलं. आणखी विद्वत्ता दाखवली. डायलॉग, ऑथराइज, रेग्युलेशन, कॉलिफ्लॉवर. तोंडाला येतील तेवढे शब्द त्यांनी घडाघडा म्हणून दाखवले. वर्गात एवढ्यावर पोरांनी बाकं वाजवली असती. इथे प्रत्येक शब्दागणिक म्हातारीचा चेहरा घट्ट होत गेला आणि गोफण पुन्हा फिरू लागली.

सडकेच्या बाजूला धूळ उठली होती. आपण वेळेवर येऊनही गुंडा आपल्या डोळ्यांदेखत पकडला जाणार, या विचाराने मास्तरांचे डोळे भरून आले. म्हातारीने ते पाहिलं असावं.

"बरं," ती म्हणाली. "ह्याच्या आदूगरचा सबुद कंचा हुता, सांग."

मास्तर आठवू लागले. शेकडो शब्द डोक्यात होते, नेमका तोच पळाला होता. सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. त्यांनी डोळे मिटले आणि पुटपुटायला सुरुवात केली. रेप्युटेशन? छे, तो दिवाळीत दिला. इक्वेशन? तो तर अजून दिलाच नाही. सावधगिरीचं काहीतरी होतं. प्रि... 'ई' आला. प्रिकॉ... 'ए' आला, 'यू' आला. पुढे 'आय'. शेवटी 'ओ'. आपला उजवा हात छातीशी आला आहे आणि अंगठ्यापासून एकेक बोट मिटत चाललं आहे, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"प्रिकॉशन," ते म्हणाले. तोवर मूठ पुरी मिटली होती.

गोफण थांबली. राहीबाई झटकन उसाकडे वळली आणि पाखरं हाकावीत तशी लांबलचक आरोळी तिने ठोकली, "डोंगराकडं रं पाखरा, डोंगराकडं!" उसाचे शेंडे हलले. हालचाल डोंगराच्या अंगाला सरकत गेली आणि रान पुन्हा गप्प झालं. लॉरी अजून ओढ्यापलीकडेच घरघरत होती.

मास्तर मटकन बांधावर बसले. राहीबाई माळ्यावरून उतरली. तिने पाण्याचा तांब्या त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि डोईवरचा पदर सारखा केला.

"मावशी," पाणी पिऊन झाल्यावर मास्तर म्हणाले, "आजचा शब्द तर मी पहिल्यांदाच बरोबर सांगितला होता. मग अडवलंत का?"

"आवं, सबुद काय, कुनीबी चोरतंय," राहीबाई म्हणाली. "पर गुंडानं आमास्नी बजावलंय, एकेक बोट मिटल्याबिगर म्हनंल त्यो आपला न्हाई. गुंडा म्हनला, आमचं मास्तर वर्गात असंच म्हनायचं."