भोकरदनची साक्ष

"एक गोष्ट कमी सांगायची, जास्तीची न्हाई," रामकिसनकाका पुढच्या सीटवरून मान वळवून मागे बसलेल्या प्रेमला म्हणाले. "पोरगं पितं, एवढं सोडून काय बी सांग."

ते पोरगं म्हणजे रामप्रसाद, काकांचा मुलगा. गाडी तोच चालवत होता, आणि इतक्या शांतपणे, की जणू दुसऱ्याच कुणाच्या पोराची गोष्ट चालली होती.

भोकरदनला मुलगी पाहायला निघाले होते. मुलीचे वडील सोमेश्वरराव यांची एकच अट होती : मुलाचा मित्र सोबत आणा, विचारपूस त्याच्याकडे करू. प्रेमचं नाव रामप्रसादनेच हट्टाने पुढे केलं. "प्रेम बोलला की लोक मानतात," एवढंच तो म्हणाला.

ते खरं होतं. प्रेमचं घर ख्रिस्ती आणि प्रेम खोटं बोलत नाही, या दोन्ही गोष्टी गावात एकाच दमात सांगितल्या जात. मागे बकरी विकताना त्याने गिऱ्हाइकाला तिचे अवगुण इतके तपशीलवार सांगितले, की बकरी अजून त्याच्याच ओसरीवर होती.

"काका, मला न्हाई जमायचं."

"तुमची उपासना ओसरीवरच होते ना अजून? माळावरची जागा देतो प्रार्थनेच्या घराला. नावावर करून देतो."

दर रविवारी पाळकसाहेब बकरीशेजारी उभे राहून प्रवचन करत आणि अर्धी मंडळी उन्हात बसत. जागेसाठी सगळे कितीतरी वर्षं प्रार्थना करत होते. ती अशा मार्गाने ऐकली जाईल असं कुणाला वाटलं नव्हतं. प्रेमने डोळे मिटले आणि मोहापासून राखण्याची विनंती केली. डोळे उघडले तेव्हा काका अजून त्याच्याकडेच बघत होते.

त्याला सकाळची प्रीती आठवली. धाकटी बहीण. शर्टाला इस्त्री करता करता म्हणाली होती, "दादा, कुणी किती बी गळ घातली तरी खरंच सांगशील ना?" ती रविवारची शाळा घेते. प्रेमला तिचा अभिमान वाटला होता.

भोकरदनला पोहे आले. अर्पिता, म्हणजे मुलगी, बशा ठेवून आत गेली. सोमेश्वररावांनी खुर्ची प्रेमकडे वळवली.

"पोराला काही नाद?"

काका खाकरले. प्रेमला माळावरची जागा दिसली. तिच्यावर पत्रे, दाराशी पाळकसाहेब, शेजारी बकरी नाही.

"पितो," तो म्हणाला. "बाजाराच्या दिवशी. एकदा गाडी नाल्यात घातल्ती. मीच काढली."

काकांनी हातातला पोह्यांचा चमचा परत बशीत ठेवला. रामप्रसादने मान खाली घालून हळूच श्वास सोडला.

सोमेश्वररावांनी आपली बशी बाजूला सारली.

"थोरलीच्या वेळी सगळ्यांनी सांगितल्तं, पोरगं चहा बी घेत न्हाई," ते म्हणाले. "तो जावई रोज पिऊन राह्यला. हे निदान बाजाराच्या दिवशीच." मग आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, "सुपारी आणा. आजच फोडू."

सुपारी फुटली. लग्न ठरलं.

परतताना काका गाणं गुणगुणत होते. "जागा तुमचीच रे बाबा. तू खरं बोललास म्हणून जमलं." प्रभू कुठल्या वाटेने देईल ते सांगता येत नाही, अशी साक्ष येत्या रविवारी मंडळीपुढे द्यायचं प्रेमने ठरवलं. सुरुवातीची वाक्यंसुद्धा जुळवली.

जुन्या जालन्यात काका पेढे घ्यायला उतरले. गाडीत दोघंच राहिले.

"तू खोटं बोलणार न्हाईस, या एकाच भरवशावर तुला नेल्तं," रामप्रसाद समोर बघत म्हणाला.

"मंग? बोललो का खोटं?"

"न्हाई ना. तरी मोडलं न्हाई."

"मोडायचं होतं तुला? का?"

रामप्रसादचा फोन वाजायला लागला. त्याने बघितलं, उचलला नाही, तसाच मागे प्रेमच्या हातात दिला.

"तिला तूच सांग आता. खरं खरं."

स्क्रीनवर, रामप्रसादच्या खांद्यावर डोकं टेकवून, प्रीती हसत होती.