औषधाची ज्वारी

ऊन कलायला लागलं तरी बयनाबाईच्या खळ्यावर कोणी पदर पसरला नव्हता.

रास समोर होती. पांढरीशुभ्र, टपोऱ्या दाण्यांची. ग्रामसेवक व्यंकटरावांनी ती पंचांसमोर काट्यावर घातली, तेव्हा तिच्या दिराच्या, डोमाजीच्या राशीपेक्षा चांगली दीडपट भरली. व्यंकटरावांनी आनंदाने टोपी उडवायचीच तेवढी बाकी ठेवली होती. पण बेल्याजवळच्या त्या गावात रास काट्यावर पुरी होत नाही. खळ्यावर कोणीतरी मागायला यावं लागतं. सूपभर दाणे दुसऱ्याच्या पदरात पडले की मगच रास घरी न्यायची. दिवस बुडेपर्यंत कोणी आलंच नाही, तर पीक आलं असं गाव धरत नाही.

आणि आज येणार कोण? ही औषधाची ज्वारी होती.

राज्यं बदलत होती. निजाम गेला. महिन्याभरापूर्वी जिल्ह्याचे तुकडे झाले; किनवट, राजुरा मुंबईकडे गेले आणि बेला आंध्रात राहिला. सोयरे एका रात्रीत परराज्यातले झाले. कचेरीतली भाषा बदलली, तहसीलदार बदलला. ज्वारीवरचा काणीचा रोग तेवढा बदलायला तयार नव्हता. कणीस लांबून भरलेलं दिसायचं आणि मळणी घातली की दाण्यांतून काळी भुकटी उडायची. अशात पेरणीच्या तोंडावर व्यंकटराव दिल्लीच्या योजनेचं बियाणं आणि गंधकाच्या पुड्या घेऊन सायकलवर आले. पेरण्याआधी बियाला गंधक चोळा म्हणाले. गाव हसून हसून लोळलं.

"बी बिमार हाय का साहेब? नाडी पायली का त्याची?"

पुडी घेतली ती एकट्या बयनाबाईने. नवरा गेल्यावर वाटणीला आलेलं वावर ती स्वतः कसत होती आणि ते डोमाजीच्या डोळ्यांत खुपत होतं. त्याने चावडीवर सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "पीक आलं तं वावर तुमचं, वैनी. नाई आलं तं पुढच्या साली मी पेरीन. तुमी निंदाले येजा." बयनाबाई 'बरं' म्हणाली होती. त्या एका शब्दावर आता सगळं येऊन थांबलं होतं.

डोमाजी खळ्याच्या कडेला उभा होता. त्याचं स्वतःचं खळं शेजारीच. काणीची भुकटी त्याच्या भुवयांपर्यंत चढली होती, पण आवाजातला तोरा जागच्या जागी होता.

"दिवस बुडाले आला, वैनी. औषधाचं खाऊन मराले कोन येते? पटेल, करून टाका फैसला."

नागोराव पटेल नुसतेच खाकरले.

"अहो, गंधक बियाला लावला होता!" व्यंकटराव कळवळून म्हणाले. "दाण्यात कुठून येईल?" सकाळपासून ते हेच सांगत होते आणि लोक माना डोलावून दोन पावलं मागे सरकत होते.

बयनाबाई उठली. भीती तिलाही वाटत होती. वावर गेलं की काय उरतं, हे तिला कोणी सांगायला नको होतं. तिने तीन दगड मांडले, खाली तुराट्या पेटवल्या आणि वर खापर ठेवलं. राशीतली ओंजळभर ज्वारी त्यात टाकली. दाणे तडतडले. खमंग वास खळ्याभर पसरला. तिने गरमगरम मूठ तोंडात टाकली आणि सगळ्यांकडे बघत सावकाश चावली.

कोणी हललं नाही. मरते का बघू, असं काहींच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात शेजारच्या खळ्यावरून एक बाई चालत आली. ती डोमाजीची बायको, रेणुकाबाई. केस, हात, लुगडं, सगळं काणीने काळं. ती नवऱ्यासमोरून सरळ पुढे गेली, खापरातले चार दाणे उचलून चावले, मग पदर झटकला आणि पसरला.

"टाका, जाऊबाई."

"रेणुके!" डोमाजी ओरडला. "मरशीन!"

"मरीन तं मरीन," ती मागे न बघता म्हणाली. "काळ्या भाकरी थापू थापू कटाळली मी. पांढरी भाकर खाऊन मरीन!"

आधी एक म्हातारी फिस्सकन हसली, मग सगळ्याच बाया हसल्या. बयनाबाईने सूप शिगोशीग भरून तिच्या पदरात ओतलं. मग बायांची रीघच लागली. कोणी पदर, कोणी टोपलं, एकीने तर घाईत नवऱ्याचा पटकाच आणला होता.

"रास पुरी झाली!" पटेलांना आता चांगलाच कंठ फुटला होता. "वावर बयनाबाईचं!"

व्यंकटराव टोपी काढून घाम पुसत होते, की डोळे, ते त्यांनाच ठाऊक.

लोक पांगायला लागले. डोमाजीही निघाला.

"भाऊजी," बयनाबाईने हाक मारली. "माया खळ्यावरून रिकाम्या हातानं जाता? बरं नाई दिसत."

तो थांबला. मग खांद्यावरचं उपरणं काढून त्याने झटकलं. काळी धूळ उडाली. त्याने ते वहिनीसमोर धरलं.

तिने एक सूप एका टोकाला ओतलं. मग दुसरं भरून दुसऱ्या टोकाला ओतलं.

"हे खायाचं," ती म्हणाली. "आन् हे पेराचं. पेराच्या आंदी मायाकडं घेऊन या. गंधक मी चोळून देईन."

डोमाजीने खाली मान घालून उपरण्याला दोन गाठी मारल्या. वेगवेगळ्या.