रस्सा कुणी प्यायचा

गाडीत एक खुर्ची होती, शिशाच्या बावीस विटा, दुधाच्या किटलीएवढी, अंगातले किरण मोजणारी एक नळी आणि एक नोंदवही. वहीत सतरा नावं होती. सोळा नावांपुढे नोव्हेंबरचा आकडा भरलेला होता. सतरावा आन्ता.

"नळी मांडीवर घे, तिच्यावर वाक आणि घट्ट मिठी मार," इंगुन म्हणाली. ती त्रोन्धाइम शहरातून आली होती, पदार्थविज्ञान शिकून नुकतीच नोकरीला लागलेली. "दहा मिनिटं. हलू नकोस."

आन्ता वाकला. नळी गार होती, मग हळूहळू त्याच्या पोटाइतकी ऊबदार झाली. दुपारचे बारा वाजत होते आणि सूर्य डोंगराच्या कडेला नुसता टेकला होता. खिडकीतून येणारा उजेड निळा होता. बाहेर कुंपणात रेनडिअरचा कळप गोल गोल फिरत होता. हजारो खुरांच्या टकटकीचा मिळून एकच आवाज होत होता, छपरावर बारीक गारा पडाव्यात तसा.

त्याचे डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांपुढे कळप खाडीत उतरला. पाडसं माना वर काढून पोहू लागली. पाणी काचेसारखं स्वच्छ होतं आणि त्याला वरून सगळं दिसत होतं. पण काही पाडसांना दोन डोकी होती. काहींची मान दुमडलेली होती. काही जागच्या जागीच गोल फिरत होती आणि पलीकडचा काठ मुळीच जवळ येत नव्हता. असंच त्याने जुलैमध्ये स्वतःचं बीज पाहिलं होतं, डॉक्टरांच्या सूक्ष्मदर्शकातून. "थोडी बिघडलेली सगळ्यांच्यात असतात," डॉक्टर म्हणाले होते, "तुझ्यात शंभरात ब्याऐंशी आहेत. अंगातल्या किरणोत्सारी सीझियममुळेच, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण ते आत बसून मारा करतंय, आणि बीज तयार करणाऱ्या पेशी फार नाजूक असतात. ते कमी कर. नवं बीज तयार व्हायला अडीच महिने लागतात. मग बघू." लग्नाला चार वर्षं झाली होती, मूल नव्हतं. बायकोने, माय्याने, परतीच्या वाटेवर पूर्ण वेळ त्याचा हात धरून ठेवला होता.

"झालं," इंगुन म्हणाली.

तिने आकडा पाहिला, जुलैचा पाहिला, पुन्हा नवा पाहिला. "जुलैत अडतीस हजार चारशे होते. तू मांस बंद केलंस ना?"

"एक घाससुद्धा नाही. सव्वाशे दिवस."

"मग आज सोळा हजारांच्या आसपास यायला हवे होते. एकतीस हजार दोनशे आलेत."

दार उघडून त्याची आई, गारेन, आत आली. अंगावर बर्फ, हातात झाकणाचा डबा. "अजून मिठीतच का?" ती म्हणाली. "बायकोला एवढा वेळ दिला असतास तर इथे यावंच लागलं नसतं."

"आई!"

"बरं बरं. हे गरम आहे तोवर पी."

इंगुनने डब्याकडे पाहिलं. "काय आहे त्यात?"

"नुसता रस्सा," आन्ता म्हणाला. "मांस नाही. पाणीच की."

"रोज पितोस?"

उत्तर गारेनने दिलं. "दोन वेळा. हा मांस कुत्र्याला घालतो, मला दिसत नाही का? आपल्या कळपाचं मांस! मी काही बोलले नाही. म्हटलं, अंगात ताकद तर राहायला हवी. जुलैपासून दुप्पट वेळ उकळते, नळीची हाडं फोडून घालते. सगळा कस पाण्यात उतरेपर्यंत."

बाहेर खुरांचा आवाज फिरत राहिला.

"उतरतो," इंगुन अगदी हळू म्हणाली. "सीझियम मिठासारखं असतं. चेर्नोबिलच्या पावसातून दगडफुलात आलं, दगडफुलातून रेनडिअरमध्ये. मांस उकळलं की अर्ध्याहून जास्त पाण्यात येतं. मांस उकळून पाणी टाकून दिलं असतंत, तर त्याने थोडं मांस खाल्लं असतं तरी चाललं असतं."

गारेन दाराजवळच्या एका खोक्यावर बसली. डबा तिने मांडीवर घेतला आणि दोन्ही हात त्याच्याभोवती ठेवले.

"म्हणजे मी पाजलं."

"तुम्हाला माहीत नव्हतं. मी जुलैत सांगायला हवं होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे कोणी एवढा रस्सा पीत नाही."

"एकतीस हजार म्हणजे काय, पोरी?"

"त्याच्या अंगात दर सेकंदाला एकतीस हजार अणू फुटतात."

गारेनने मुलाकडे पाहिलं, जणू काही ऐकू येतं का ते बघत होती. "आणि माझ्यात?"

"सकाळी मोजलं तेव्हा तेहतीस हजार शंभर."

"म्हणजे यापुढे याला मांस द्यायचं," गारेन म्हणाली. "उकळलेलं, निथळलेलं. आणि रस्सा?"

"ओतून द्यायचा."

"कुठे?"

"बर्फात. कुठेही."

"रस्सा," गारेन म्हणाली, "कोणी बर्फात ओतत नाही."

"आई, ओत तो," आन्ता म्हणाला.

"मी एकसष्ट वर्षांची आहे. माझ्यातून आता कोण जन्माला यायचंय?"

तिने झाकण काढलं. वाफ निळ्या उजेडात वर चढली, तिचा चेहरा क्षणभर दिसेनासा झाला. मग ती सावकाश, तळापर्यंत प्यायली.

वीस मार्चला गाडी पुन्हा आली. इंगुनने वहीत दोन आकडे लिहिले. आन्ता, पंधरा हजार नऊशे. गारेन, एकोणपन्नास हजार दोनशे.