जुनी लायसन्स की

नवरा गाडीसकट धरणात बुडाला, त्याला आठ महिने झाले. लग्नाच्या व्हिडिओंचा स्टुडिओ आता ती एकटीच सांभाळत होती. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधली त्याची जुनी लायसन्स की काढून ती स्वतःच्या नावाची टाकायला गेली, पण सॉफ्टवेअर काही दाद देईना. शेवटी तिनं कंपनीला फोन लावला.

"ताई, जुनी की दुसरीकडे चालू आहे," तिकडची मुलगी म्हणाली. "तुमच्या मिस्टरांच्या नावाचा लॅपटॉप दिसतोय. सकाळपासून काम चाललंय त्याच्यावर."

तो लॅपटॉप गाडीतच होता, आणि गाडी अजून पाण्याबाहेर निघाली नव्हती.

"ताई, इथून बंद करून टाकू का?"



"नको," ती हळूच म्हणाली, "कामातून मधेच उठवलेलं त्यांना आवडत नाही."