बादल आणि एक नोकर

किरनापूरजवळचा मालगुजारांचा, म्हणजे जुन्या जमीनदारांचा, बंगला त्या वर्षी लोकांना पाहायला खुला झाला, तेव्हा मैनाबाई नात मंजूला घेऊन गेली. भोवतालची बाग तिच्या बापानं चाळीस वर्षं जपली होती. त्यानं लावलेला एकेक आंबा ती पोरीला हात लावून दाखवत होती. दिवाणखान्यात जुना फोटो दिसला: घोड्यावर मालगुजार, लगाम धरून तिचा बाप. "खाली काय लिवलं हाय?" मंजूनं वाचलं, "मालगुजारसाहेब, त्यांचा लाडका घोडा बादल आणि एक नोकर." मैनाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "घोड्याले नाव हाय, माह्या बापाले काहून नाही?" बंगल्याचा व्यवस्थापक जवळच उभा होता, तो हसला. "अम्मा, इतना पुराना नाम किसको मालूम?" "मले मालूम हाय. डोमाजी मेश्राम. लिहा." "मालिक से पूछना पड़ेगा." "मंग बलवा त्याहिले," म्हणत मैनाबाई समोर बांधलेली दोरी ओलांडून मालगुजारांच्या जपून ठेवलेल्या खुर्चीत मांडी ठोकून बसली.