भूल उतरताना

“अहो, जरा हळू बोला,” रंगारी डोळे मिटूनच म्हणाला.

शिंपी दचकला. इतक्या वर्षांच्या संसारात रंगाऱ्यानं त्याला कधी ‘अहो’ म्हटलं नव्हतं.

नर्सनं बजावलं होतं, भूल उतरेपर्यंत पेशंट काहीबाही बडबडेल, मनावर घेऊ नका. पित्ताशयातले खडे निघाले होते, काळजीचं कारण नव्हतं. खोलीत दुपारचं पातळ ऊन होतं. पडदा श्वास घेतल्यासारखा फुगत होता, बसत होता. रंगारी त्या उजेडावर तरंगत असल्यासारखा पडला होता.

“ती झोपलीय,” तो म्हणाला. “तळ्याकाठी. माझ्या बोटांचा निळा रंग तिच्या गालाला लागलाय. उठली की मारेल मला.” आणि तो हसला. असं हसू शिंप्यानं पूर्वी खूप पाहिलं होतं. अलीकडे नाही.

खाटेच्या पायथ्याशी पंच बसला होता. त्यांच्या गे मित्रांच्या टोळीतला सगळ्यात थोरला. घरच्यांनी तोडलेल्या कितीजणांना या टोळीनं सांभाळलं होतं, शिंप्यालाही. तिथे निकाल द्यायचा तो पंचानंच.

“ऐकलंस?” पंच कुजबुजला. “मी तेव्हाच म्हणालो होतो. दोन्ही डगरींवर हात ठेवणारी माणसं ही. उद्या एखादी बाई गाठून लग्न करेल, आणि तू बसशील हात चोळत.”

तेव्हाच म्हणजे टोळीच्या त्या जेवणाच्या दिवशी. रंगारी सगळ्यांदेखत सहज बोलून गेला होता, की शिंप्याच्या आधी त्याचा एका बाईवर जीव होता, आणि ते प्रेमही खरं होतं. आधी हशा पिकला. “याचं अजून ठरायचंय वाटतं!” कुणीतरी म्हणालं. मग कितीतरी महिने दोघांना बोलावणंच आलं नाही. शेवटी शिंपीच घरी म्हणाला, “यापुढे तिचं नाव काढू नकोस. चारचौघांत माझी मान खाली जाते.” रंगाऱ्यानं काढलं नाही. बोलावणी पुन्हा सुरू झाली. शिंप्याला वाटलं, मिटलं.

“आणि तुमचा तो माणूस?” शिंप्यानं परक्यासारखं रंगाऱ्याला विचारलं. ‘तुमचा’ म्हणताना त्याची जीभ अडखळली.

“तो?” रंगाऱ्याचा चेहरा उजळला. “त्याच्यावर तर जीव आहे हो माझा. म्हणून तर म्हणतो, हळू. त्याच्या कानावर गेलं तर घाबरेल बिचारा. त्याला वाटतं, ती खरी होती म्हणजे तो खोटा.”

पंच खाकरला. निकाल त्याच्या ओठांवर आला होता.

“पंच,” शिंपी मागे न वळताच म्हणाला, “तुम्ही जरा बाहेर बसा.”

पंचाला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. तो उठून बाहेर गेला. दार लागलं. शिंप्यानं खुर्ची उशाशी ओढली.

“सांगा ना,” तो म्हणाला, “कशी होती ती?”

रंगाऱ्याच्या मिटल्या डोळ्यांतून एक थेंब कानाकडे ओघळला.

“तुम्ही भले आहात,” तो म्हणाला. “आमच्यात हे कुणी विचारत नाही.”

मग तो बोलू लागला. ती उठली, चिडली, होडी पाण्यात लोटून एकटीच तळ्याच्या मध्यावर गेली, आणि तिथून हाका मारू लागली. शब्द हळूहळू विरघळत गेले. पुढे नुसता श्वास उरला.

ऊन भिंतीवर सरकलं तेव्हा रंगाऱ्यानं डोळे उघडले. त्याची नजर आता लख्ख होती. समोर शिंप्याला पाहताच ती घाबरी झाली.

“अरे, मी काही भलतंसलतं बोललो का रे?”

शिंप्यानं त्याच्या कपाळावरचा घाम पुसला.

“ती होडीतून हाका मारत होती, तिथे तुला झोप लागली,” तो म्हणाला. “मग? गेलास का तू?”